एप्रिलच्या पाण्यातली रोपे

घरच्या फिश टँकमध्ये फक्त आपल्याकडच्या पाणवनस्पती लावायच्या, असे मी दोन वर्षांपूर्वी ठरवले, तेव्हा हे काम एका रविवारच्या खरेदीत उरकेल अशी माझी समजूत होती. ऐरोलीतल्या आमच्या घरात दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी टाकी आधीपासून होती. तिच्यात प्लॅस्टिकची झाडे होती, आणि धुताना त्यांचा हिरवा रंग बोटांना लागू लागल्यावर ती टाकून द्यावी लागली. झेब्रा डॅनिओ हा मूळचा भारतीय उपखंडातला मासा. तो टाकीत आहे, तर त्याच्याभोवती वाढणारी झाडेही इथलीच असावीत, एवढाच साधा विचार त्यामागे होता.

ठाणे स्टेशनच्या परिसरातल्या एका दुकानात मी "देशी झाडे आहेत का?" असे विचारले, तेव्हा दुकानदाराने "मॅडम, सगळी देशीच आहेत, पुण्याहून येतात" असे उत्तर दिले. पुण्याहून येतात हे खरे असेल; पण समोरच्या ट्रेमध्ये जी रुंद पानांची रोपे होती ती अॅमेझॉन सोर्ड, म्हणजे दक्षिण अमेरिकेतली एकिनोडोरस, आणि लाकडाला दोऱ्याने बांधलेली जाड, गडद पानांची होती ती पश्चिम आफ्रिकेतली अनुबियास. एवढे मला ओळखता येत होते. जे ओळखता आले नाही ते मी विकत घेतले. शिशाच्या पट्टीने बुडखा गुंडाळलेली, पिसासारख्या बारीक पानांची ती जुडी 'अँबुलिया' या नावाने माझ्या हाती पडली, आणि अँबुलिया म्हणजे लिम्नोफिला, आपल्या भाताच्या खाचरांतली वनस्पती, हे मी वाचलेले असल्यामुळे समाधानाने घरी आले.

घरी पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन मी एक काडी त्यात सोडली आणि भिंगाखाली धरली. प्रत्येक पेरावर दोनच पाने होती, समोरासमोर, प्रत्येकाला स्पष्ट देठ, आणि देठाच्या टोकाशी पान पंख्यासारखे फाटत गेलेले. लिम्नोफिलाची पाने पेराभोवती चक्राकार येतात. एकाच पेरावर सहा, आठ, कधी त्याहून अधिक. समोरासमोर दोनच पाने असतील तर ती कबोंबा, आणि कबोंबा अमेरिका खंडातली. पाण्यात लांबून पाहिले तर दोन्ही सारख्याच मऊ, फुलारलेल्या शेपट्या दिसतात, त्यामुळे दुकानदाराने मला मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही. त्यालाही ज्याने माल दिला त्याने हेच नाव सांगितलेले असणार. त्या संध्याकाळनंतर मात्र एक सवय लागली: झाड टाकीत जाण्याआधी ताटलीत जाते, आणि त्याची पेरे मोजली जातात.

मराठीत लिम्नोफिलाला आंबुली म्हणतात. व्यापारातले नाव अँबुलिया. ही दोन नावे मी वहीत शेजारी शेजारी लिहिली, आणि अमेरिकन झाडाला हे नाव चिकटवून आपल्याच माणसाला विकले जाते याचे मला हसूही आले. खऱ्या आंबुलीची आणखी एक खूण नंतर कळली. तिच्या काही जातींचे पान बोटांत चुरडले की टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो, आणि तो हाताला बराच वेळ राहतो.

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात, तेव्हा शोध तिथूनच सुरू व्हावा हे ओघाने आले. माझे माहेर चरईतले, त्यामुळे मासुंदा तलावाच्या, म्हणजे तलावपाळीच्या काठावर लहानपण गेले आहे. आता पाणवनस्पती शोधणाऱ्याच्या नजरेने मी मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, उपवन आणि रायलादेवी असे पाच तलाव तीन शनिवारांत पाहिले, आणि जवळजवळ रिकाम्या हाताने परतले. त्याचे कारण पाण्याच्या घाणीपेक्षा काठाच्या बांधकामात अधिक आहे, असे माझे मत झाले. पाण्यातली बहुतेक मुळे धरणारी झाडे काठाजवळच्या उथळ, उतरत्या चिखलात राहतात, कारण तिथे उजेड तळापर्यंत पोहोचतो. तलावाला सगळीकडून दगडी किंवा काँक्रीटची उभी भिंत घातली की तो उथळ पट्टाच नाहीसा होतो. भिंतीला लागूनच पाणी खोल होते, आणि ते गढूळ असेल तर तळाशी अंधार असतो. फिरायला येणाऱ्यांसाठी असा काठ सोयीचा असतो, यात शंका नाही. पण तिथे जे टिकते ते तरंगणारे: दक्षिण अमेरिकेतून शोभेचे फूल म्हणून आलेली आणि आता उल्हास नदीला वेठीस धरणारी जलपर्णी, किंवा हिरव्या टिकल्यांसारखी लेम्ना.

उपवनच्या मागे येऊरचे डोंगर दिसतात आणि तिथले ओढे पावसाळ्यात मोहात पाडतात. मात्र येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून एखादे रोपही उचलून आणता येत नाही. "एक काडी घेतली तर काय होते" असे मला दोन जणांनी सांगितले. मी घेतली नाही. नवी मुंबईच्या बाजूला अडचण वेगळीच निघाली. सिडकोने बांधलेले धारण तलाव नकाशावर मोठे आणि आशादायक दिसतात, पण ते भरती-ओहोटीशी जोडलेले आहेत. पावसाचे पाणी साठवावे आणि ओहोटीला खाडीत सोडावे यासाठी त्यांची रचना आहे. त्यांतले पाणी मचूळ असते आणि काठाने कांदळवन वाढते. गोड्या पाण्यातली झाडे तिथे शोधणे व्यर्थ आहे.

मचूळ पाण्याला न घाबरणारे एक झाड मात्र आहे, ते म्हणजे जलब्राह्मी, शास्त्रीय नावाने बाकोपा मोनिएरी. ओलसर चिखलावर पसरणारी ही वेल टाकीत पूर्ण बुडवली तरी सरळ उभी वाढते. ती नर्सरीत मिळेल म्हणून मी गेले, तर 'ब्राह्मी' म्हणून कुंडीत मिळाली ती मंडूकपर्णी. आपल्याकडे दोन्ही झाडांना ब्राह्मी म्हणण्याची पद्धत असल्यामुळे हा घोळ सतत होतो. गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचे, एकेक लांब देठावरचे पान असेल तर ती मंडूकपर्णी. आणि लहान, जाडसर, चमच्यासारखी पाने खोडावर समोरासमोर असतील तर ती जलब्राह्मी. तिसऱ्या नर्सरीत ती मिळाली, तीसुद्धा विक्रीच्या कुंडीत नव्हे, तर पाण्याच्या नळाखाली आपोआप उगवलेली. माळीकाकांनी त्याचे पैसेही घेतले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये मी मुरबाडजवळच्या आत्याच्या गावी गेले. भात पोटरीतून बाहेर पडून पिवळे पडू लागले होते आणि खाचरांत घोट्याएवढे पाणी अजून उभे होते. टाकीच्या दृष्टीने मला खजिनाच सापडल्यासारखे झाले. बांधाच्या कडेने आंबुली होती, चुरडल्यावर वास देणारी, पाण्याखाली पिसासारखी पाने आणि पाण्यावर साधी, दातेरी पाने असलेली, एकाच काडीवर दोन्ही. लाल खोडाची रोटाला होती, अमानिया होती, चार पाकळ्यांच्या पानांची मार्सिलिया होती, गवतासारखी ब्लिक्सा होती आणि पांढऱ्या मण्यांसारख्या फुलांचे गेंद होते. आत्याच्या शेजारच्या काकू बांधावर उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "अगं ताय, आम्ही ह्ये तण उपटून उपटून थकलो, आन् तू पिशवीत भरून नेतंस?" मी त्यांना टाकीबद्दल सांगितले. त्यांनी मान हलवली आणि विळ्याने आणखी एक मूठभर कापून माझ्या बादलीत टाकले.

रोटालाच्या बाबतीत एक सावधगिरी सांगते. दुकानांत वर्षानुवर्षे 'रोटाला इंडिका' या नावाने जे झाड विकले गेले, ते प्रत्यक्षात रोटाला रोटंडिफोलिया असते. तीही भारतात वाढते, पण ती वेगळी आहे: ती बहुवर्षायू असून पाण्याबाहेर तिची पाने गोल आणि पाण्याखाली अरुंद होतात. खाचरातली रोटाला इंडिका एका हंगामाची. हा फरक मी वाचला होता, पण त्याचा अर्थ माझ्या लक्षात यायला जानेवारी उजाडला.

आणलेली झाडे थेट टाकीत टाकू नयेत हे मला ठाऊक होते. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन, मी ती बाल्कनीतल्या बादलीत ठेवली. डास होऊ नयेत म्हणून बादलीवर जाळी बांधली. तीन आठवडे ठेवायची होती, मी सहा दिवस ठेवली, कारण दिवाळीच्या आधी टाकी सजलेली पाहण्याची मला घाई झाली होती. नोव्हेंबरच्या मध्यावर सात डॅनिओंचे सहा झाले, मग पाच. झाकणाच्या फटीतून उडी मारली असेल म्हणून मी टेबलाखाली शोधले. चौथा मासा नाहीसा झाल्यावर रात्री अकराच्या सुमारास टॉर्च घेऊन बसले, तेव्हा आंबुलीच्या काडीला सहा पायांनी धरून बसलेली, चिखलाच्या रंगाची, दीड इंचाची चतुराची अळी दिसली. तिचा खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो आणि भक्ष्य जवळ आले की तो हातासारखा पुढे फेकला जातो. मी तो फेकलेला पाहिला नाही. तिच्या पुढ्यातून डॅनिओ मात्र तेवढ्यातच नाहीसा झाला. अळीला चहाच्या गाळणीत धरून मी दुसऱ्या दिवशी कुंडीतल्या कमळाच्या पाण्यात सोडले. तिथे डासांच्या अळ्या होत्या, तेव्हा तिचीही सोय झाली आणि माझीही.

टाकीच्या तळाची गोष्ट थोडक्यात सांगून टाकते. दोन बोटे कोकणातली तांबडी माती, चाळून आणि आठवडाभर भिजवून, आणि तिच्यावर दोन बोटे धुतलेली वाळू, एवढेच मी वापरले. तांबड्या मातीत लोह भरपूर असते. वाळूत मात्र माझी चूक झाली होती. मुंब्र्याच्या रेतीबंदराकडची जुनी खाडीची रेती एका ओळखीच्या कंत्राटदाराकडून आणली होती, तिच्यात शिंपल्यांचा चुरा होता. शिंपला म्हणजे चुना. तो पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतो, आणि आपले धरणाचे नळपाणी मुळात मृदू असण्याचा फायदा निघून जातो. मूठभर वाळूवर लिंबू पिळावे. फसफसली तर ती वापरू नये. माझी फसफसली. सगळी उपसावी लागली.

डिसेंबरच्या अखेरीस झाडे एकेक करून जाऊ लागली. अमानियाची खोडे खालून काळी पडली, ब्लिक्सा फुलली आणि फुलल्यावर विरघळली, गेंदांचे तर नावही उरले नाही. रोटाला इंडिका बी धरून पिवळी पडली. मी उजेडाची वेळ सात तासांवरून नऊ केली, परत सात केली, पाणी बदलले, खत घातले. त्याने शेवाळ तेवढे वाढले. जानेवारीत आत्याचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता तिने सांगितले की खाचरे कोरडी ठणठणीत झाली आहेत आणि वालाची पेरणी होऊन गेली आहे. त्या वाक्याने माझे डोळे उघडले. माझ्या टाकीत काहीच बिघडलेले नव्हते. ही झाडे एका पावसाळ्याची होती. पाणी ओसरण्याआधी फुलायचे, बी टाकायचे आणि मरायचे, हाच त्यांचा क्रम. ठाणे जिल्ह्यातले बहुतेक पाणी जूनमध्ये येते आणि फेब्रुवारीपर्यंत जाते, त्यामुळे इथल्या बऱ्याच पाणवनस्पती वास्तविक पावसाळी वनस्पती आहेत. टाकीतले पाणी मात्र कधीच आटत नाही. तिच्यासाठी झाड हवे असेल, तर ते ऑक्टोबरच्या भरल्या खाचरात शोधण्यात अर्थ नाही. ते एप्रिलमध्ये शोधायला हवे, जिथे तेव्हाही पाणी असेल तिथे.

अपवाद दोन निघाले. आंबुलीचे शेंडे मी सतत खुडून पुन्हा लावत राहिले, तिला फुलण्याइतके वर येऊच दिले नाही, म्हणून ती राहिली. मार्सिलिया वाळूखालच्या खोडावर पसरत गेली आणि अजून आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा मुरबाडला गेले. आत्याचा मुलगा मला काळू नदीच्या एका डोहावर घेऊन गेला. नदी म्हणून दिसत होते ते पांढरे गोटे आणि मध्ये मध्ये हिरवी, स्तब्ध पाण्याची तळी. म्हशी बसल्या होत्या त्याच्या वरच्या अंगाला, गुडघाभर स्वच्छ पाण्यात, जे उभे होते ते पाहून मी चपलांसकट आत शिरले. वीतभर ते हातभर लांब फितीसारखी, एकाच दिशेला झुकलेली व्हॅलिस्नेरिया. तिच्यामागे हायड्रिलाचे दाट रान. मोकळी तरंगणारी, स्पर्शाला खरखरीत सेरॅटोफायलम. आणि काठाच्या ओल्या वाळूत, लांब नागमोडी पानांची क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरालिस, जी सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या नद्यांत पावसाळाभर पुरात बुडून राहते आणि पाणी उतरल्यावर पिळवटलेल्या शेंड्याचा आपला फुलोरा वर काढते. उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर, पाणी हाताला कोमट लागत असताना, ही चारही झाडे तजेलदार होती.

हायड्रिला शाळेत आपण सगळ्यांनी पाहिलेली असते: चंचुपात्रात उलटे ठेवलेले नरसाळे, त्यावर परीक्षानळी आणि उन्हात ठेवल्यावर वर चढणारे ऑक्सिजनचे बुडबुडे. दुकानात तिच्या जागी दक्षिण अमेरिकेतली एगेरिया मिळण्याची शक्यता असते. ओळखायची तर काडी बोटांतून ओढावी. हायड्रिलाच्या पानांच्या कडांना दाते असल्याने ती करकरते, एगेरिया गुळगुळीत सरकते. हीच हायड्रिला मत्स्यालयांच्या व्यापारातून १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडाला पोहोचली आणि तिथले कालवे तिने भरून टाकले. दक्षिण अमेरिकेची जलपर्णी आपल्या नदीत, आपली हायड्रिला फ्लोरिडाच्या कालव्यात. म्हणून छाटलेल्या काड्या मी तलावात किंवा गटारात टाकत नाही, त्या देशी असल्या तरीही. बाल्कनीच्या कठड्यावर वाळवून कुंड्यांत घालते.

डोहातून मी किती घेतले तेही लिहिते: व्हॅलिस्नेरियाचे एक रोप, हायड्रिलाच्या तीन काड्या, सेरॅटोफायलमचा एक शेंडा. क्रिप्टोकोरिन घेतली नाही, कारण वाळूत ती सहा-सातच होती. तीच जात मला पुढे जुलैमध्ये कोपरखैरण्यातल्या एका हौशी गृहस्थांकडून आंबुलीच्या बदल्यात मिळाली. टाकीत लावल्यावर तिची सगळी पाने आठ दिवसांत वितळली. ती उपटून न टाकता तशीच ठेवावी लागते, मुळापासून नवी येतात. आली.

या छंदातल्या काही लोकांना वायतुऱ्याचे आकर्षण असते. कासच्या आणि सातारा भागातल्या इतर सड्यांवर, पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ डबक्यांत वाढणारी अॅपोनोजेटॉन सातारेन्सिस ती हीच. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तिचा तुरा असतो. ती सह्याद्रीपलीकडे कुठेही नाही. मला ती कुणी आणून दिली तरी नको आहे. तिचा कंद उन्हाळाभर कोरड्या जमिनीत झोपतो. बारमाही पाण्यात तिला ठेवणे म्हणजे खाचरातल्या गेंदांचे केले तेच पुन्हा करणे, आणि इथे तर मरणारे झाड तण नाही.

मे महिन्यात टाकीचे पाणी बत्तीस अंशांपर्यंत गेले. पूर्वी याच दिवसांत मी बर्फाच्या पिशव्या तरंगवत असे. या वेळी काही केले नाही. व्हॅलिस्नेरियाने वाळूखालून धावती खोडे सोडली, एका रोपाची जूनपर्यंत अकरा झाली, आणि मागची काच तिच्या पानांनी झाकून गेली. उजेड लागल्यावर अर्ध्या तासाने हायड्रिलाच्या कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची बारीक माळ वर जाते. नरसाळे तेवढे नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी पृष्ठभागावर पांढरा ठिपका दिसला. जवळून पाहिले तर तो तीन बारीक पाकळ्यांचा होता आणि त्याच्याखाली शिवणाच्या दोऱ्याएवढा देठ वळणे घेत थेट तळापर्यंत गेला होता. व्हॅलिस्नेरियाचे मादीफूल. बारावीच्या पुस्तकात याचे चित्र होते: नरफुले तळाशी सुटून वर येतात, पाण्यावर तरंगत मादीफुलापाशी पोहोचतात, आणि परागण झाले की देठ स्प्रिंगसारखा आकसून फुलाला खाली ओढतो. मी रोज सकाळी पाहत राहिले. पाच दिवसांत आणखी तीन फुले वर आली, नरफूल एकही आले नाही. नर आणि मादी वेगवेगळ्या रोपांवर असतात, आणि माझ्या टाकीतली सगळी रोपे एप्रिलमधल्या त्या एकाच रोपाची धावती खोडे आहेत. आत्याच्या मुलाला मी फोन करून ठेवला आहे. पुढच्या एप्रिलला डोहाच्या पलीकडच्या काठावरून, तिथून निदान वीस पावले दूर, एक रोप आणायचे आहे.